पाठीवरची जाहिरात

जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या एसटीत एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. फुटबॉलची निळी जर्सी मांडीवर पसरून पाठीवरचं कंपनीचं नाव नखानं खरवडत होती. मी विचारलं, "कशाला काढतेस?"

"कंपनीनं पैसे थांबवले, क्लबनं आमची मुलींची टीमच बंद केली. मग यांची जाहिरात फुकट कशाला करू?" मान वर न करता ती म्हणाली.

जर्सी उन्हानं विटली होती, पण अक्षरांखालचं कापड नवंकोरं राहिलेलं. त्यामुळे काढलेलं नावही स्पष्ट वाचता येत होतं. मी तिला ते दाखवलं.

तिनं जर्सी खिडकीशी धरून नीट पाहिली.

"घालून खेळत राहिले की तेही विटेल."

कोणत्या टीमकडून, ते तिनं सांगितलं नाही.