मागून चालणारे सर

दिग्रसला आमच्या औषधाच्या दुकानाच्या माडीवर अॅनिमेशनचा फुकट क्लास चालतो. तिथले सर रोज बाजारात लोकांच्या मागे मागे चालतात. पुढचा वाकला की हे वाकतात, तो अडखळला की हेही अडखळतात.

एकदा माझ्याच मागे दिसले.

"काहून मागं फिरून राह्यले, सर?"

"थांबू नका, काका! मले बगळा पाह्यजे होता, भेटला."

मी राग गिळला, कारण मुलगी त्यांच्याच क्लासात. चित्रं हलवायला शिकून दिग्रसमध्ये हिला काम कोण देणार, ही माझी रोजची कुरकुर.

परवा बियाण्यांच्या एका दुकानाची जाहिरात मोबाइलवर आली. कपाशीच्या ओळीत एक बगळा. पंख पाठीमागे बांधलेले, मान पुढे. दोन पावलं टाकतो, थांबतो, उगाच मागे बघतो. मी पोट धरून हसलो. बायकोनं एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"अवो, हे तं तुमीच!"

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, माह्यं पह्यलं काम आहे. दुकानदार अजून जाहिराती मागून राह्यला, बगळ्याच्याच."

आज बाजारात पुन्हा मागे सरांची चाहूल लागली. मी वळलो नाही. हात पाठीमागे नीट बांधले, मान थोडी पुढे काढली आणि सावकाश चालत राहिलो.