शालिनीचा पासपोर्ट

माणूस गेल्याची बातमी येते म्हणतात. मला ती आली नाही, मलाच पोचवावी लागली. व्हिडिओ फोन लावला तेव्हा कॅनडात मंजूच्या, म्हणजे आमच्या एकुलत्या मुलीच्या, मांडीवर तेवीस दिवसांची पोर होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, आईचा पासपोर्ट आला का?" मी म्हणालो, "आधी पोर खाली ठेव, मग सांगतो." तिनं ठेवली नाही. उलट घट्ट धरली, आणि मंजूच्या तोंडाकडे बघून मला कळलं की आता काही सांगायचं उरलं नाही...

याला दीड महिना झाला. मी आठवी शिकलेला माणूस, कारखान्यात फिटर होतो. झाशीत दतिया गेटपाशी घर आहे. मराठी बोलायची ती घरात, दाराबाहेर हिंदी. आता घरातही बोलायला कुणी नाही, म्हणून लिहितो आहे. माझी बायको शालिनी झाशीजवळच्या गुरसराय गावची. माहेरी तिचं नाव दुर्गा. माझ्या आईचं नावही दुर्गा, आणि एका घरात सासू-सून दोघी दुर्गा कशा, म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मी 'शालिनी' लिहिलं. नाव मला सुचलं नव्हतं, गुरुजींनी सांगितलं. तिला कुणी विचारलंच नाही. तेव्हा तशी रीतच होती, आणि मी रीतीला बोट लावणारा माणूस नव्हे.

मंजूला उशिरा दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं तिला विमानात बसायला बंदी केली. मग माहेरानंच तिकडे जायचं, असं शालिनीनं ठरवून टाकलं. मला विचारलं नाही, सांगितलं. जुन्या सुती साड्या फाडून झबली शिवली, टोपडी शिवली, डिंक आणि बाळंतशेपा निवडून डब्यात भरल्या. कधी घराबाहेर एकटी न राहिलेली बाई, पण सहा महिने राहीन म्हणाली. मी म्हणालो, "सहा?" ती म्हणाली, "मग? पोर काय सहा दिवसांत बसायला लागते?" मी म्हणालो, "आणि इकडे माझं?" ती म्हणाली, "कुकर लावायला शिका. तीन शिट्ट्या, त्यात काय फिटरकी आहे?"

पासपोर्टचा फॉर्म भरायला आम्ही बाजारातल्या एका दुकानात गेलो. कॉम्प्युटरवर बसलेली बाई एकेक प्रश्न वाचत होती. एका जागी थांबून म्हणाली, "अम्मा जी, कभी कोई दूसरा नाम रहा है?" शालिनी लगेच म्हणाली, "नहीं." मी म्हणालो, "है. दुर्गा." टेबलाखाली शालिनीनं माझ्या पायावर पाय दाबला. बाई म्हणाली, "अंकल जी, सोच लीजिए. लिखेंगे तो कागज़ लगेंगे, देर होगी." मी म्हणालो, "लिखो. सरकारी काम में झूठ नहीं चलेगा."  घरी येऊन कुलूप उघडताना शालिनी म्हणाली, "पन्नास वर्षांत एकदाही दुर्गा म्हणून हाक मारली नाहीत. आजच आठवलं?"

मग जे व्हायचं तेच झालं. दोन्ही नावं एकाच बाईची, याचा पुरावा हवा. गुरसरायच्या शाळेचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या. मी दोनदा बसनं गुरसरायला जाऊन आलो. पहिल्या वेळी हेडमास्तर रजेवर होते, दुसऱ्या वेळी जुनं रजिस्टर सापडायला दुपार गेली. कचेरीतल्यांची काही चूक नव्हती, विचारलं तेवढंच ते मागत होते. इकडे मंजूचे दिवस भरत आले. ती फोनवर विचारायची, "आई, तू पोचशील ना गं?" शालिनी माझ्याकडे बघत सांगायची, "येते हं. तुझ्या बाबांचं खरं बोलणं संपलं की निघालेच."

ती पोचली नाही. पोर झाली. शालिनीनं नात पाहिली ती फोनवर, रोज दिवेलागणीला, तिकडे सकाळ असायची तेव्हा. मंजू बाळाला न्हाऊ घालायची आणि ही इथे पलंगावर बसून उशीला तेल चोळून दाखवायची. "अगं, पाठ अशी नाही, खालून वर. मान धर, मान! पाण्यात कोपर बुडवून बघ आधी." फोन बंद झाला की हात तसेच मांडीवर ठेवून बसायची. उशीचा अभ्रा तेलानं पिवळा झाला. एकदा मी म्हणालो, "उशी खराब करते आहेस." ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती गेली सकाळी, झबल्यांना इस्त्री करताना. छातीत दाटून येतंय म्हणाली, इस्त्री नीट उभी करून ठेवली, बटण बंद केलं. हॉस्पिटल यायच्या आत, रिक्षातच, माझ्या खांद्यावर...

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीतून शिपाई आला. चांगला माणूस. "दद्दा, अम्मा को बुला दीजिए, पासपोर्ट की जाँच है." मी भिंतीकडे बोट केलं. हार ताजा होता. तो उठून उभा राहिला, टोपी काढली. हळूच म्हणाला, "अब इसमें क्या लिखें, दद्दा?" मी म्हणालो, "जो सच है, वही लिखिए." आणि ते शब्द तोंडातून निघाले तशी मला माझीच शिसारी आली.

कारण त्या दुकानात मी खरं म्हणून खरं बोललो नव्हतो. शालिनी सहा महिने जाणार, मला एकट्याला घर खायला उठणार, हे माझ्या पोटात होतं. उशीर होईल असं त्या बाईनं सांगितलं, तेव्हा मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. हे शालिनीला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, कळलं होतं.

परवापरवा मी हे सगळं मंजूला सांगितलं. बाळाच्या अंघोळीची वेळ होती. तिच्या आईनं जायला मला नको होतं, असं स्पष्टच बोललो.  ती म्हणाली, "आई माझ्याजवळ हवी होती बाबा. मी रोज घाबरत होते." मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "पाणी निवतंय," आणि फोन उताणा ठेवून दिला.

मला तिकडचं छत दिसत राहिलं. पांढरं, कोपऱ्यात जाळीचा पंखा. पाण्याचा आवाज येत होता, पोर रडत होती. मंजूनं फोन बंद केला नाही. मीही केला नाही.

तेव्हापासून रोज त्याच वेळी फोन वाजतो. मंजू "बाबा, जेवलात?" विचारते, मी "हो" म्हणतो, आणि मग छत. मी पलंगावर शालिनीच्या जागी बसतो आणि छताकडे बघत अंघोळ ऐकतो. पोर आता कमी रडते. काल फोन जरा कलला असावा. कडेला एक ओला, लालसर पाय आला, इतकुसा. मी चष्मा सावरेपर्यंत गेला.