व्याह्यांच्या कुळाचा पुरावा

आमच्या व्याह्यांचं नाव मी इथे घेणार नाही. एक तर व्याह्यांचं नाव तोंडाने घ्यायची आमच्याकडे रीत नाही. दुसरं म्हणजे, ते लिहिलं तर कॅनडापासून न्यूझीलंडपर्यंतची माणसं 'आम्हीही त्याच कुळातले' म्हणून मला पत्रं पाठवतील, आणि उत्तरं देत बसायला मला वेळ नाही.

माझी मुलगी इथेच, लंडनच्या हॅरोमध्ये जन्मली. तिने स्कॉटिश मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मी कुळ-गोत्र काही विचारलं नाही. विचारायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू, पण जिभेवर ताबा ठेवला. लग्नानंतर कळलं की या बाबतीत ती मंडळी आमच्या दहा पावलं पुढे आहेत. जावयाचे वडील पर्थशरच्या एका दरीत राहतात. भोवती सातआठशे एकर डोंगर, दोनशे मेंढ्या, आणि गळक्या छपराचं एक दगडी घर. हे घर बांधणारा पूर्वज अठराव्या शतकात कुठून तरी त्या दरीत आला, आणि तो कुठून आला हाच सगळ्या भांडणाचा मुद्दा होता.

त्यांच्याकडे एका आडनावाची माणसं म्हणजे एक कुळ, आणि त्या कुळाला जन्माने ठरलेला एकच प्रमुख. या कुळाचा शेवटचा प्रमुख निपुत्रिक गेला आणि तेव्हापासून ती जागा रिकामी. त्या प्रमुखाच्या धाकट्या भावाला एक मुलगा होता. व्याह्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले की तोच मुलगा मोठा होऊन या दरीत आला, त्यानेच हे घर बांधलं, म्हणून प्रमुखपद आपलं. दरीतले लोक मात्र म्हणत, कसला मुलगा अन् कसलं काय, तो कोणी तरी उपटसुंभ होता.

व्याह्यांच्या वडिलांनी कुळाच्या मेळाव्यात, भर मैदानात उभं राहून सांगितलं होतं, "मी तुमचा प्रमुख आहे." सगळं मैदान हसलं. व्याही तेव्हा नऊ वर्षांचे होते, बापाचा हात धरून उभे होते. त्यानंतर त्यांचे वडील कधी मेळाव्याला गेले नाहीत आणि घरातही तो विषय निघाला नाही. हे सगळं व्याह्यांनी मला आमच्या पिनरच्या स्वयंपाकघरात, आल्याचा चहा पिता पिता सांगितलं. ते इंग्रजीतच बोलतात, मी आपलं मराठीत लिहिते आहे.

"मला पद नकोय," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी प्रमुखाची पिसं टोपीत खोवून मी काय करू? मला एवढंच कळायला हवंय, की माझे वडील खोटं बोलत होते का."

आणि त्यांनी एक पत्र्याची पेटी माझ्यासमोर ठेवली.

माझ्यासमोर का, तेही सांगते. वॉटफर्डला एका सॉलिसिटरच्या ऑफिसात मी सत्तावीस वर्षं जुनी खरेदीखतं वाचायचं काम केलं. किडलेली, डागाळलेली, वाकड्यातिकड्या अक्षरांची. त्याआधी पुण्यात कॉलेजच्या सुट्टीत मोडीचा वर्ग केला होता. ज्याने मोडी वाचली त्याला जगातलं कुठलंही अक्षर घाबरवत नाही, असं माझं मत आहे. ऑफिसात काही लागेना की साहेब लोक कागद घेऊन माझ्या टेबलाशी येत. 'एवढं बघता का' म्हणून अदबीने विचारत. नवे आलेले पोरगेसे वकील सुरुवातीला साडीकडे बघून हसायचे, महिन्याभरात रांगेत उभे राहायचे. याचा मला गर्व होता आणि अजून आहे.

पेटीत घर बांधणाऱ्या पूर्वजाच्या लग्नाचा करारनामा होता. त्यातली एक ओळ पाण्याने इतकी पुसली होती की दोन तज्ज्ञांनी हात टेकले होते. मी खिडकीशी कागद तिरपा धरला आणि पंधरा मिनिटांत वाचला. नवऱ्या मुलाच्या बापाचं नाव तिथे होतं, आणि तो शेवटच्या प्रमुखाचा धाकटा भाऊच होता. व्याही खुर्चीवरून उठलेच. मला म्हणाले, "आमच्या घरात दोनशे वर्षांत हे कोणाला जमलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही योग्य घरात मुलगा दिलात."

पण एवढ्याने भागत नव्हतं. करारनाम्यात काय, कोणीही कोणाचंही नाव सांगेल. एडिनबरोत कुळं आणि मानचिन्हं यांचा निवाडा करणारं न्यायालय आहे, त्याला साखळीचा प्रत्येक दुवा लागतो. म्हणून मी त्या मुलाच्या मूळ गावच्या चर्चची जुनी वही संगणकावर उघडून बसले. त्याच्या बारशाची, म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. मी खूश झाले. मग पानं उलटत गेले आणि तीन वर्षांनंतरच्या एका पानावर हात थांबला. अंत्यविधीला चर्चचं काळं कापड दिलं, त्याची नोंद होती. कोणासाठी दिलं? त्याच बापाच्या त्याच नावाच्या मुलासाठी. वय तीन.

मुलगा तिसऱ्या वर्षीच गेला होता. मग पंचवीस वर्षांनी त्याच्या नावाने लग्न करणारा, दरीत येऊन घर बांधणारा हा कोण?

मी पुण्याची. पानिपतानंतर शहरात उभा राहिलेला तोतया आम्हाला शाळेपासून पाठ. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन कोणी आला, की पुढे काय म्हणायचं ते आम्हाला शिकवावं लागत नाही. पुढच्या पानांवर, आणखी दोन वर्षांनी, त्याच नावाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद पुन्हा दिसली. ती मी पाहिली होती, हे मुद्दाम सांगते. पाहिली आणि कारकुनाला शिव्या घातल्या. सुट्या चिठ्ठ्यांवरून वही उतरवताना गाढवाने जुनी चिठ्ठी पुन्हा उतरवली, असं मनाशी ठरवून पुढे गेले. असे कारकून मी सत्तावीस वर्षं पाहिले होते.

मी व्याह्यांना फोन केला. आडपडदा ठेवायची मला सवय नाही. "तुमचा पूर्वज तोतया होता," मी म्हटलं. "खरा मुलगा तीन वर्षांचा असताना वारला. माझी खात्री आहे."

ते म्हणाले, "तुमची खात्री असेल तर संपलंच." आणि माझे आभार मानले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

मुलीला कळल्यावर ती माझ्यावर उखडली. "आई, तू इतका डायरेक्ट कसा सांगितलंस? ते दोन दिवस नीट जेवला नाहीत. यू कुड हॅव वेटेड!"

"आधी मराठी नीट बोल," मी म्हटलं. "आणि कागदावर जे आहे ते आहे. मी काय करू?" पण फोन ठेवल्यावर मीही वाढलेलं ताट तसंच सरकवून ठेवलं. एक म्हातारा माणूस विश्वासाने पेटी घेऊन माझ्या दारात आला होता, आणि मी त्याच्या बापाला खोटा ठरवून परत पाठवलं होतं.

ऑगस्टमध्ये मुलगी-जावई मला दरीतल्या त्या घरी घेऊन गेले. व्याह्यांनी माझ्याशी वागण्यात तसूभर फरक केला नाही. माझ्यासाठी मुद्दाम तुरीची डाळ आणून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, चला, आमची माणसं दाखवतो. घरामागे टेकाडावर त्यांच्या घराण्याचं लहानसं दफनस्थान आहे, भोवती हातभर उंचीची भिंत. वडिलांच्या दगडापाशी ते थोडे जास्त थांबले. मी शरमेने दुसरीकडे पाहायला लागले, आणि मला एक छोटा दगड दिसला. त्यावर खुद्द व्याह्यांचं नाव होतं. पहिलं, मधलं, आडनाव, सगळं. वय एक वर्ष चार महिने.

"हे काय?" मी विचारलं. "तुमचं नाव?"

"माझा मोठा भाऊ," ते म्हणाले. "तो गेला, मग दोन वर्षांनी मी झालो. त्याचंच नाव मला दिलं."

मी संतापलेच. "गेलेल्या लेकराचं नाव? तुमच्या आईला काही वाटलं कसं नाही? आमच्याकडे असलं कोणी स्वप्नातही करणार नाही! एक मूल गेलं की पुढच्याला दगड म्हणतील, धोंडा म्हणतील, केरात लोळवतील, पण ते नाव पुन्हा घरात उच्चारणार नाहीत."

"आजोबांचं नाव होतं," ते शांतपणे म्हणाले. "पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं. तो गेला तर पुढच्याला. नाव वाया जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडे ही फार जुनी रीत आहे."

मी त्या भिंतीवर बसले. वहीतली ती दुसरी नोंद माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली, अक्षरन् अक्षर.

घरात येऊन लॅपटॉप उघडला. दरीतलं इंटरनेट दिव्य, पान वरून खाली इंचाइंचाने उतरत होतं. व्याही माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्या. बाप तोच, आई तीच, नाव तेच. पण साक्षीदार वेगळे! पहिल्या बाप्तिस्म्याला एक गिरणीवाला आणि एक शेजारी. दुसऱ्याला खुद्द मुलाचा काका, म्हणजे कुळाचा शेवटचा प्रमुख, सही करून हजर. चिठ्ठी पुन्हा उतरवली असती तर साक्षीदार बदलले नसते. कारकून गाढव नव्हता. त्या घरात एकाच नावाची दोन मुलं झाली होती, एक गेलं आणि एक जगलं, आणि जगलेल्याने मोठं होऊन हे घर बांधलं होतं.

गेल्या तीस वर्षांत मी जे वाक्य कोणापुढे उच्चारलं नव्हतं, ते उच्चारलं. "माझी चूक झाली." आणि मग सगळं समजावून सांगितलं. नोंद मी आधीच पाहिली होती, तेही सांगितलं. ते लपवलं असतं तर कोणाला कळलं नसतं, पण मग मी कागद वाचायच्या लायकीची राहिले नसते.

व्याह्यांनी पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं. "हा दुसरा," ते म्हणाले. "माझ्यासारखा." आणि वळून सिंकपाशी गेले, नळ सोडून पाण्याकडे बघत उभे राहिले. मुलगी त्यांच्याजवळ जायला निघाली, तिला मी हाताने थांबवलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. सबंध वंशावळ मी माझ्या हाताने लिहिली, प्रत्येक पिढीला पुरावा जोडला, आणि जुनी अक्षरं वाचणारी म्हणून शपथपत्रही दिलं. निकाल यायला दीड वर्ष लागलं. न्यायालयाने व्याह्यांना कुळाचे प्रमुख म्हणून मान्यता दिली. पिसं खोवून काय करू म्हणणारे व्याही मेळाव्याच्या दिवशी टोपीत गरुडाची तीन पिसं खोवून असे ताठ उभे होते, की मी ओळखलंच नाही. त्याच मैदानात जगभरातून आलेली माणसं त्यांना बघून उभी राहिली. कोणी हसलं नाही. माझा ऊर इतका भरून आला की मी मुलीच्या लग्नात रडले नाही ती तिथे रडले, चारचौघांत, पैठणी नेसून. त्यांनी भाषणात सांगितलं, "या बाईंनी आमच्या पूर्वजाला आधी तोतया ठरवलं आणि मग स्वतःच सोडवून आणलं." सगळे हसले, मीसुद्धा. मग एकेक जण येऊन माझ्याशी हात मिळवून गेला. मी कोणालाही 'त्यात काय एवढं' म्हटलं नाही. होतंच तेवढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांनी मला टेकाडावर बोलावलं. पाथरवट आला होता. वडिलांच्या दगडावर, नावाखाली, त्याने पेन्सिलीने एक नवी ओळ आखून ठेवली होती आणि छिन्नी घेऊन बाजूला थांबला होता.

"पद माझ्याकडे आलं ते यांच्याकडूनच," व्याही म्हणाले. "न्यायालयाचा कागद माझ्या नावाचा असू दे. पण हे इथे असायला हवं. एकदा कोरलं की पुसता येणार नाही. तुम्ही आधी वाचून घ्या."

"मी?" मी म्हटलं. "मी तर एकदा चुकले आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले.

मी गवतात गुडघे टेकले आणि बोटाने एकेक अक्षर लावत ती ओळ वाचली. 'या कुळाचे प्रमुख.' पुन्हा पहिल्यापासून वाचली. व्याही शेजारी हात बांधून उभे होते, नऊ वर्षांच्या मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत.

"खरं आहे," मी म्हटलं. "कोरा."