आक्कांची तेलाची नरोटी

कोपरा फाडलेलं कार्ड मैंदर्गीहून आलं, तेव्हा मी महिन्याच्या सामानाची यादी करत होते. वाचायच्या आधीच कळलं. आक्का गेल्या. यजमानांच्या या थोरल्या बहीण तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आल्या होत्या. गेल्या दिवाळीनंतर सासरच्या पुतण्याला भेटायला म्हणून गेल्या, त्या परतल्याच नाहीत. मी त्याच कागदाच्या पाठीवर दुसरी यादी केली... कुणाला कळवायचं, गाडी कितीची, शाळेत रजेचा अर्ज. सगळं उरकलं. आता तीन आठवडे झाले, उरकण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सोलापूरच्या आमच्या घरी आक्का आल्या त्या बगलेत दोन कोंबड्या घेऊनच. परसात खुराडं त्यांनीच घातलं. मी मुलींच्या शाळेत शिकवणारी, घर यादीवर चालवणारी. त्या मला मास्तरीणबाई म्हणत, आणि रागावल्या की नुसतं ‘बाई’. आमची सुमन विषमज्वरातून उठली तेव्हा तिला धरून बसवावं लागे. डॉक्टरांनी रोज एक अंडं द्यायला सांगितलं, आणि नेमक्या त्या उन्हाळ्यात कोंबड्या लहान, पातळ कवचाची अंडी घालू लागल्या, तीही दिवसाआड. आक्का म्हणाल्या, “कोंड्यात करडीचं तेल घालू या. आमच्याकडं घाण्यापाशी चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी लई मोठी असत्यात.”

“माणसांना पुरेना, आणि कोंबड्यांना तेल?”

“कोंबडीच्या पोटातनं पोरीच्याच पोटात जाणार की, मास्तरीणबाई.”

मी ऐकलं नाही. पण पंधरा दिवसांत अंडी सुधारली, रोज मिळू लागली, आणि महिना संपायच्या आत तेलाचा डबा रिकामा झाला. यादी चुकली की माझं डोकं फिरे. “घरातच चोरी व्हायला लागली,” असं मी सगळ्यांदेखत बोलले आणि फडताळाला कुलूप घातलं. तेव्हापासून जेवताना प्रत्येकाच्या शेंगाच्या चटणीत खळगा करून मीच मोजकं तेल वाढू लागले.

तरीही अंडी येतच राहिली. तेलाचा काही संबंध नव्हता, आपलंच खरं, असं मला वाटलं. सुमन भिंतीला धरून चालायला लागली होती. एका रविवारी खुराडं झाडायला गेले, तर कोंड्यात तिखटाचे लाल कण दिसले. बाजूला लिंबाखाली आक्का कोरड्या चटणीशी भाकरी खात बसल्या होत्या. पुढ्यात नारळाची नरोटी, तेलाने काळी पडलेली.

“हे कधीपासून, आक्का?”

“कुलूप लागल्यापासनं.” मग घास गिळून म्हणाल्या, “माझ्या वाटणीचंच हाय, बाई. तुमच्या यादीत बसतंय न्हवं?”

त्याच संध्याकाळी मी कुलूप काढलं आणि यादीत एक ओळ घातली : कोंबड्या, रोज एक पळी तेल. आक्कांना वाचता येत नव्हतं. सुमनने वाचून दाखवलं, तेव्हा त्या पदराआड हसल्या. “आता कोंबड्याबी हजेरीपटावर आल्या, व्हय?”

पण ‘चोरी’ हा शब्द मी परत घेतला नाही. ओळ लिहिली, तेवढ्याने भागलं असं समजले. आक्का मात्र पुढे सगळी वर्षं चटणी कोरडीच खात राहिल्या. “तेल घ्या की,” म्हटलं, तर “सवय मोडली आता,” म्हणत. सवयच होती की आणखी काही, हे विचारायचं राहून गेलं. माझ्या कुठल्याच यादीत ते नव्हतं.

सुमन आता सासरी नांदते आहे. खुराड्यात तीनच कोंबड्या उरल्या आहेत, आणि नरोटी तिथेच खिळ्याला आहे. काल जेवायला बसले, चटणीत खळगा केला, तेल घेतलं. पण भाकरी त्याला न लावता कोरडीच खाल्ली. मग परसात जाऊन ते तेल नरोटीत ओतलं, त्यात कोंडा कालवला. चटणीचे चार कण त्यात उतरले होते. कोंबड्यांनी आधी तेच टिपले.