रूथच्या मापाच्या काठ्या

कुदळीचा दांडा असो की खोऱ्याचा, ज्याच्या हातात तो जायचा ते माणूस समोर उभं राहिल्याशिवाय योहान मिस्त्री करवतीला हात लावत नसत. "घरी बायको हाय, एवढी हाय," असं म्हणत कुणी आपल्या खांद्याशी हात नेला, की मिस्त्री त्याला शिरूरच्या मिशन कंपाउंडच्या फाटकापर्यंत झाडत नेत. इनामगावचे सर्जेराव एकदा चिडून म्हणाले, "माझ्या शब्दाला काही किंमतच न्हाई का, मिस्त्री?" मिस्त्री म्हणाले, "हाय की! पर दांडा शब्दानं धरत्यात का हातानं?" सर्जेराव दुसऱ्या दिवशी बायकोला बैलगाडीत बसवून घेऊन आले. न येऊन सांगतात कुणाला? तसा दांडा आसपासच्या दहा गावांत दुसरं कुणी देत नव्हतं.

मिशनच्या वर्कशॉपात आणि त्याला लागूनच्या घरात त्यांची तीस वर्षं गेली. देवळाची बाकं केली, बैलांची जुवं केली, पाळणे केले. पूर्वी इथं एक म्हातारा पाद्रीसाहेब होता. त्याला संध्याकाळी माळावर गोल्फ खेळायचा नाद. महिन्याला एक काठी मोडायचा आणि मिस्त्रींकडे आणून टाकायचा. मिस्त्री धामणीच्या चिवट लाकडाचा नवा दांडा बसवून देत आणि काठी नीट धरत नाही म्हणून साहेबालाही दोन शब्द सुनावत. साहेब गेला, पण ती विद्या मिस्त्रींच्या हातात राहिली.

एकसष्ट सालच्या नाताळाआधी धाकटा भाऊ जॉर्ज दौंडहून आला. तो रेल्वेत गार्ड. दौंडला स्टेशनामागच्या माळावर साहेबलोक गोल्फ खेळत, आणि जॉर्जही त्यांच्यात जाऊन चार फटके मारी. चार फटके म्हणजे तीन जमिनीला आणि एक चेंडूला. साहेब हसत, मग जॉर्जही हसे. आता नव्या मोठ्या साहेबाने स्टाफच्या पोरांनाही दर शनिवारी खेळायला मुभा दिली होती. झालं, जॉर्जच्या अंगात वारं शिरलं. त्याची रूथ नऊ वर्षांची. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची चामडी पिशवी त्याने मिळवली, तेरा काठ्या भरलेली, आणि एसटीच्या टपावर टाकून आणली.

"दादा, एवढ्या सगळ्या वीतवीतभर आखूड करून द्या. रूथला पाहिजेत."

मिस्त्रींनी एक काठी उचलून तोलली. लोखंडी डोकं चांगलंच जड होतं.

"सगळ्या?"

"सगळ्या. साहेबांच्या पोरांत माझी पोरगी कमी दिसायला नको."

"अरे शहाण्या, दांडा कापला म्हंजी डोकं हलकं होतं का? बापाचे जोडे कापून पोराच्या पायात होत्यात का? मनगट मोडंल पोरीचं! शिकणाऱ्या पोराला तीन काठ्या बास. एक लांब मारायला, एक मधली, एक भोकात ढकलायला. हलक्या पाहिजेत, अंगाबरोबरच्या. तेरा कशाला? वरात काढायचीय का?"

"तुम्ही सुतार आहात, दादा. गोल्फ मी खेळतो."

"व्हय, ऐकलंय कसा खेळतोस ते!"

आतून मिस्त्रींच्या बायकोचं, कृपाबाईंचं हसू ऐकू आलं. त्या चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, पोरीलाच घेऊन या. त्याबिगर हे बधायचे न्हाईत."

पुढच्या शनिवारी जॉर्ज रूथला घेऊन आला. दोन वेण्या, काटकुळी पोर, नजर जमिनीवर. डाव्या हाताची चारही बोटं पांढऱ्या रुमालात आवळून बांधलेली.

"काय लागलं गं बाई?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही, मोठे बाबा."

"मग बांधलंय कशापायी?"

जॉर्ज कोट खुंटीला अडकवत म्हणाला, "डावखुरी आहे. लिहायला डावा, जेवायला डावा. लोकांत लाज वाटते. खेळताना तेवढा सोडतो. सुटेल हळूहळू सवय."

मिस्त्रींनी पोरीचा हात हातात घेतला. गाठ मनगटाच्या मागे होती, दोनदा पीळ देऊन टोक आत खोचलेलं, दातांनी सुटू नये असं. ही गाठ त्यांच्या चांगली ओळखीची होती. तळपायाची आग मस्तकात गेली. ती जॉर्जवर की आणखी कुणावर, हे त्यांचं त्यांनाही त्या घडीला उमगलं नाही. त्यांनी गाठ सोडली आणि रुमाल सरस वितळवायच्या शेगडीत फेकून दिला.

"दादा! अहो, चांगला रुमाल—"

"गप बस! माप घिऊ दे मला."

वर्कशॉपामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी रूथला ताठ उभी केली. हात खाली सोडायला लावून मनगटापासून जमिनीपर्यंत फूटपट्टी धरली. पंजा पाहिला, मूठ आवळायला लावली. मग पिशवीतली त्यातल्या त्यात हलकी काठी दिली, चेंडू ठेवला आणि म्हणाले, "मार."

पोर बापाने शिकवल्याप्रमाणे उजव्या बाजूने उभी राहिली. पहिल्या खेपेला काठी वाऱ्यावर गेली, दुसऱ्या खेपेला मातीत, तिसऱ्या खेपेला चेंडू दोन हात घरंगळला. जॉर्ज ओरडत होता, "खांदा! अगं खांदा! किती वेळा सांगायचं? डोकं आहे की खोकं?"

"जॉर्ज, आत जाऊन च्या पी."

"पण तिला मी—"

"जा म्हणतो न्हवं!"

तो गेल्यावर मिस्त्री पोरीला म्हणाले, "आता तुला वाटंल तसा मार. म्या बघत न्हाई." आणि खरंच पाठ फिरवून त्यांनी रंधा उचलला. रंध्याचे दोन हात फिरले. मग टक्कन आवाज झाला. मिस्त्रींनी वळून पाहिलं तर चेंडू पार टोकाच्या चिंचेच्या बुडाशी. पोरीने काठी उलटी फिरवून धरली होती, लोखंडी डोक्याचं टोक जमिनीकडे, आणि चेंडूच्या दुसऱ्या अंगाला डावरी उभी राहिली होती. कुणी शिकवलं होतं तिला? कुणी नाही. मिस्त्रींना इतका आनंद झाला की "शाब्बास गं वाघिणी!" असं ते मोठ्याने ओरडले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "रूथ! सरळ धर ती काठी!" चहाचा कप घेऊन जॉर्ज उभा होता. पोर दचकली. काठी टाकून तिने डावा हात पाठीमागे लपवला.

ते बघितलं मात्र आणि मिस्त्रींचा तोल गेला.

"तिनं चोरी केलीय का रं, हात लपवायला? माणूस हायस का कोण हायस? पोटच्या पोरीला चोर केलंस! ऐकून ठेव. हिच्या काठ्या डाव्याच व्हणार, आन् या हातानंच म्या करणार. पुन्ना तिचा हात बांधलास तर माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई. मग सख्खा भाऊ असलास तरी!"

जॉर्जने थोरल्या भावाच्या रागाला आयुष्यात उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

"मी बांधला तर मी माणूस नाही! मग तुम्ही कोण, दादा? केंदूरला रोज सकाळी माझा हात पाठीशी कोण बांधायचं? सुतळीनं? ही गाठ मी शिकलो कुणाकडून?"

खरं होतं ते. वडील केंदूरला मिशनचे उपदेशक होते. उपदेशकाचं पोर देवळात दानाच्या थाळीत पैसा टाकायला डावा हात पुढं करतं म्हणजे मंडळीत तोंड दाखवायला जागा नाही, असं त्यांना वाटे. सहा वर्षांच्या जॉर्जचा हात बांधायचं काम त्यांनी तेरा वर्षांच्या योहानवर सोपवलं होतं. दोन वर्षं ते चाललं.

"आणि काय बिघडलं माझं?" जॉर्जचा आवाज चढला. "सुधारलोच ना? गार्ड झालो, साहेबांत ऊठबस करतो!"

कोंडीत सापडलेला माणूस नरम होतो म्हणतात. मिस्त्री झाले नाहीत, उलट अधिकच पेटले. पिशवीतली लांब काठी उपसून त्यांनी ती उलटी करून जॉर्जच्या छातीशी धरली.

"काय बिघडलं न्हाई ना? मग घे. पोरीवानी धर आन् मार."

"वेडेपणा करू नका."

"मार म्हणतो! भितोस कशाला?"

जॉर्जने कप भिंतीवर आदळला. काठी हिसकावून घेतली, चेंडूच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि दातओठ खात असा फटका हाणला, जणू चेंडू नव्हे, भाऊच समोर होता. चेंडू चिंचेवरून गेला, देवळाच्या कौलांवरून गेला, भिंतीपलीकडे घोड नदीच्या बाजूला दिसेनासा झाला. रूथ भान विसरून टाळ्या वाजवायला लागली. कृपाबाई कपाच्या आवाजाने धावत बाहेर आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

जॉर्ज मात्र हसला नाही. काठी तशीच धरून तो चेंडू गेला तिकडे बघत होता. वीस वर्षं साहेबांच्या हसण्यात हसून काढलेला माणूस. मग तो वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "बोटं काळीनिळी व्हायची माझी. मी रडायचो. हे वाईट चाललंय, हे तुम्हाला तेव्हा कळत होतं?"

वडिलांचा मार आपल्यालाही बसला असता, हे मिस्त्री सांगू शकले असते. तेरा वर्षांच्या पोराला काय कळतं, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही जिभेवर आलं होतं.

"कळत हुतं," ते म्हणाले. "पयल्या दिवसापासनं."

जॉर्जने मान हलवली. काठी पिशवीत घातली, कोट अंगात चढवला, पोरीला जवळ घेतलं.

"पोरीच्या तीन करा. डाव्या," तो म्हणाला. "झाल्या की वहिनींच्या हाती दौंडला पाठवा. तुम्ही येऊ नका."