खिडकीतून हात

१५ ऑगस्ट २०२३, मंगळवार. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी आम्ही दोघे बोलोन्यातील मुलाच्या घरातून निघालो. रिमिनीला जायचे होते. मुलाचे सासर तिथले, समुद्रकाठचे. इटलीत त्या दिवशी मेरीमातेचा सण आणि उन्हाळ्यातील मोठी सुट्टी असते. विहीणबाईंनी दुपारी जेवायला बोलावले होते. मुलगा आणि सून आदल्या दिवशीच मदतीला गेले होते. थांबून आम्हाला बरोबर नेतो, असे मुलगा म्हणाला होता. मी नको म्हटले. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून गारगोटीला तीस वर्षे नोकरीसाठी ये-जा केलेल्या माणसाला दीड तासाच्या प्रवासात सोबत लागत नाही, असे माझे मत होते.

दोघांचे पासपोर्ट, तिकिटे आणि एकुलता एक फोन मी माझ्या कमरेच्या पाकिटात ठेवला. पत्नी विसराळू आहे, असेही माझे मत होते. तिच्या पिशवीत बेसनाच्या लाडवांचा डबा तेवढा होता.

फलाटावर समुद्राला निघालेली गर्दी होती. त्या गाडीला जागांचे क्रमांक नसतात हे कळल्यावर मला हुरूप आला. कोल्हापूरच्या स्टँडवर सणासुदीला आमची एक रीत होती. बस लागली की मी पुढे घुसायचो, रुमाल टाकून दोन जागा धरायचो आणि खिडकीतून हात करायचो. मग ती सावकाश चढायची. गुडघे हे तिचे जुने दुखणे आहे. मी हात केल्याशिवाय गर्दीत शिरायचे नाही, अशी ताकीद मीच तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दिली होती.

गाडी लागली. मी घुसलो. एका जागेवर रुमाल टाकला, शेजारच्या जागेवर टोपी ठेवली. हात करायला खिडकीकडे वळलो, तर मध्ये भली मोठी छत्री घेतलेला एक गृहस्थ उभा. तो बाजूला होईपर्यंत दारे मिटली. मी दाराकडे धावलो, पण गाडी हलली होती. काचेतून ती दिसली. पिशवी दोन्ही हातांनी धरून एकेक खिडकी पाहत होती. दाराकडे तिचे लक्षच नव्हते. ती माझ्या हाताची वाट पाहत होती.

मुलाला फोन केला.

“आप्पा, आईजवळ काय काय हाय?” त्याने विचारले.

“डबा.”

“पासपोर्ट? माझा नंबर?”

“माझ्याजवळ.”

तो म्हणाला, “पहिल्या ठेसनावर उतरा आणि माघारी फिरा. मीबी निघतो.”

पहिले स्टेशन इमोला. तेथवर पंचवीस मिनिटे मी दाराशीच उभा होतो. टोपी आणि रुमाल घ्यायचे राहिले. सुट्टीमुळे गाड्या कमी. परतीची गाडी पस्तीस मिनिटांनी आली. पत्नीला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. मुलाच्या गल्लीचे नावही तिला उच्चारता येत नव्हते. कोणी विचारले तर ती काय सांगेल, याचा मी विचार केला.

साडेदहाला बोलोन्याच्या फलाटावर उतरलो. ती जिथे सोडली होती तिथेच उभी होती. शेजारी रेल्वेचा गणवेश घातलेला एक माणूस लाडू खात होता. तो तिला बाकावर बसवायला पाहत होता आणि ती हलत नव्हती, हे त्याने हातवारे करून मला सांगितले.

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

“गावली का जागा?”

“मिळाली होती. दोन.”

“मग कुठं हायत?”

“पुढे गेल्या.”

“आणि टोपी?”

“तीही गेली.”

“बरं झालं. लई जुनी झालती.”

मी विचारले, “दार उघडे होते. चढली का नाहीस?”

“तुम्ही हात केला न्हाई. मग मी कशी चढू?”

“निदान बसायचे तरी.”

“हितनं हललो असतो तर तुम्ही शोधत फिरला असता की.”

रिमिनीच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या मुलाला फोन करून आई सापडली, तू येऊ नकोस, असे कळवले. गणवेशातल्या माणसाचे आभार मानले. तिने त्याला आणखी एक लाडू दिला.

पुढच्या गाडीलाही तेवढीच गर्दी होती. या वेळी मी तिला आधी चढवले आणि मागून चढलो. एका मुलीने उठून तिला जागा दिली. मी गर्दीत दाराशी अडकलो. इमोला आल्यावर तिच्या शेजारचा प्रवासी उतरला. माणसे सरकू लागताच तिने लाडवांची पिशवी त्या जागेवर आपटली आणि माना उंचावून बघणाऱ्या सगळ्या डब्यासमोर मला हात केला.

मी जाऊन बसलो. जेवणाला वेळेवर पोहोचलो. लाडू कमी का, हे विहीणबाईंना सुनेने समजावून सांगितले. त्या खूप हसल्या. मी हसलो नाही.

संध्याकाळी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याचे दोन तुकडे केले. दोन्हींवर मुलाचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला. एक माझ्या खिशात ठेवला. दुसरा तिच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात, तिच्या पासपोर्टसह ठेवला आणि कप्प्याची चेन लावली.