कोपऱ्यातलं नाव

जपानच्या एदो शहरात चित्रांचे लाकडी ठसे कोरणाऱ्यांत इसोकिचीचा हात बायकांचे केस कोरण्यात बसलेला. डोंगरी चेरीच्या टणक फळीवर तो कपाळाजवळची एकेक बट केसाइतकीच बारीक सोडायचा. या खेपेला प्रकाशकाने कबूल केलं होतं की चित्राच्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचंही नाव येईल. आयुष्यात पहिल्यांदाच.

चित्र दुकानात लागलं. केस त्याचेच होते, पण कोपऱ्यात नाव प्रकाशकाच्या पुतण्याचं.

तो तडक गेनशिचीच्या छापखान्यात गेला. वीस वर्षं इसोकिचीने कोरायचं आणि गेनशिचीने छापायचं, असं चाललेलं. इसोकिचीने फळी उचलून कोपऱ्यावर बोट फिरवलं. नावापुरतं लाकूड काढून तिथे नवा तुकडा ठोकलेला होता. सांधा बोटाला लागतही नव्हता.

"गेन, असा तुकडा बसवायला मी एकालाच शिकवलंय."

गेनशिची दुसऱ्या फळीवरचा कागद घासत राहिला. "मालक म्हणाले, पुतण्याचं नाव बसव, यापुढची सगळी छपाई तुझी. घरात सात तोंडं आहेत, इसो."

"मला येऊन सांगायचंस. माझं नाव मीच तासून दिलं असतं."



त्यानंतर इसोकिचीने दुसरा प्रकाशक धरला. तिथल्या छापणाऱ्याचे रंग रेघेबाहेर सांडायचे. "गेनशिचीकडे दे की," लोक म्हणायचे. इसोकिची पातं दगडावर घासत म्हणायचा, "सांडू देत."